नंदीच्या पाठीवर जपानी फुलं: याला भेसळ म्हणायचं का?

महालकरीण

मंडळी, गोष्ट तान्ह्या पोळ्याची आहे (आमच्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, तो सण), पण प्रश्न जरा मोठा आहे म्हणून धागा काढतेय.

माझी मुलगी आठवीत आहे. यंदा तिनं लाकडी नंदी स्वतः रंगवला. पाठ, पोट, वशिंड, सगळीकडे ती जपानी हसरी फुलं. मधे गोल चेहरा, तोंड उघडून खिदळणारा, आणि भोवती प्रत्येक पाकळी वेगळ्या रंगाची. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळाला बाशिंग. झूल मात्र घालू दिली नाही, फुलं झाकली जातील म्हणून.

कॉलनीतल्या स्पर्धेत परीक्षक काकांनी नंदी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, मेहनत दिसते. पण हे आपल्या परंपरेत बसत नाही. हे चायनीज कार्टून झालं." पहिला नंबर ज्या नंदीला मिळाला त्याच्या पोटात ब्लूटूथ स्पीकर होता आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत एलईडीची माळ.

पोरगी रडली बिडली नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "आई, ते जपानी आहे, चायनीज नाही."

तर दोन प्रश्न. एक, हे असं मिसळणं म्हणजे भेसळ का? दुसरा, आशियातले आणखी कोण चित्रकार आपली जुनी कला, झाडंपानं-प्राणी आणि बाजारातली चित्रं असं एकत्र करतात? तिला दाखवायचे आहेत. मला तर ही फुलं काढणाऱ्या मुराकामीचं नावसुद्धा तिच्या मोबाईलच्या कव्हरमुळे कळलं.

तर्रीवाला

ब्लूटूथ नंदी परंपरेत कसा बसला बाप्पा? कोणत्या पुराणात आहे?

संत्रं_सोलून

नंदी पुराणात. ब्लूटूथ भविष्यपुराणात.

निळावंती

ताई, मुलीला सांगा की तिनं निवडलेला माणूस परंपरेच्या बाबतीत तुमच्या परीक्षकांना शिकवू शकेल. ताकाशी मुराकामी (जन्म १९६२, टोकियो) हा मुळात 'निहोंगा'चा विद्यार्थी. निहोंगा म्हणजे जपानी पद्धतीचं पारंपरिक चित्र: खनिजांची पूड, सरसात कालवून, कागदावर किंवा रेशमावर, थरावर थर. त्यानं यात नुसती पदवी नाही, डॉक्टरेट घेतली आहे. आणि ती हसरी फुलं आली कुठून? पोट भरायला तो कला महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या क्लासात शिकवायचा आणि पोरांना फुलं काढायला लावायचा. वर्षानुवर्षं फुलं विकत आणायची, समोर ठेवायची, काढायची.

पुढे २००० च्या सुमारास त्यानं 'सुपरफ्लॅट' म्हणून एक मांडणी केली. मुद्दा सोपा आहे. जुन्या जपानी चित्रात सावली नाही, खोली नाही, सगळं एका पातळीवर सपाट. आजच्या ॲनिमेत, म्हणजे जपानी कार्टूनपटांत, तेच. मग उच्च कला आणि कार्टून यांच्यात भिंत कशाला? ही भिंत आमच्याकडे नव्हतीच, ती बाहेरून आली, असं त्याचं म्हणणं.

चिडणारे लोक सगळीकडे असतात. २०१० साली फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात त्याचं प्रदर्शन लागलं, तेव्हा 'आमच्या राजाच्या महालात हे कार्टून कशाला' म्हणून तिथेही लोकांनी सह्यांची मोहीम काढली होती. म्हणजे तुमची लेक मोठ्या पंगतीत बसली आहे.

अप्पा धंतोलीकर

निळावंतीताईंनी अर्धीच गोष्ट सांगितली. हाच मनुष्य २००३ साली एका फ्रेंच पिशव्यांच्या कंपनीसाठी रंगीत ठसे काढत होता. कारखाना आहे त्याचा, पगारी माणसं चित्रं रंगवतात. ती फुलं आता उशांवर, किल्ल्यांच्या छल्ल्यांवर, मोज्यांवर. याला मी चित्र म्हणत नाही, माल म्हणतो. मुलीचं कौतुक आहेच, पण परीक्षक अगदीच चुकले असं मला वाटत नाही. नंदीवर कंपनीचा शिक्का कशाला?

निळावंती

@अप्पा, पगारी माणसांचं म्हणाल तर जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट (साधारण १८३१) घ्या. चित्र काढणारा एक, लाकडात कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, पैसे लावणारा प्रकाशक चौथा. तो मालच होता, स्वस्तात विकायचा. त्यातला निळा रंगसुद्धा युरोपातून आलेला प्रशियन ब्लू. आज तिला 'अस्सल जपान' म्हणून दाखवतात. आणि आपल्या घराघरातली लक्ष्मी-सरस्वती? राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून, जर्मन तंत्रानं छापून आली. आजीनं त्याच मालाला हळदकुंकू लावलं.

अप्पा धंतोलीकर

रविवर्म्याला मध्ये आणू नका. त्याला हात तरी होता.

कामठीचा

जपान म्हटलं की आम्हाला परकं वाटत नाही. आमच्या इथं १९९९ पासून ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार आहे, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलेलं. पाहुणे आले की आधी तिथं नेतो, मग जेवायला.

मुराकामीचं एक काम इथं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर त्यानं 'पाचशे अर्हंत' (अर्हंत म्हणजे निर्वाण गाठलेले बुद्धाचे शिष्य) हे चित्र केलं. लांबी शंभर मीटर. २०१२ मध्ये आधी कतारमध्ये दोह्याला दाखवलं. जपानमध्ये जुन्या काळी पाचशे अर्हंतांची चित्रं काढायची रीत होती, एडो काळातल्या (१६०३ ते १८६८) कानो काझुनोबूनं काढलेली शंभर चित्रांची माळ आहे, तिचा धागा त्यानं उचलला. अर्हंत कसे? सुरकुतलेले, लांब भुवयांचे, कुणी वेडावाकडा, रंग पाहावे तर भडक, थेट कार्टूनसारखे.

आमच्या घरी रोज सकाळी 'नमो तस्स भगवतो अरहतो' होतं. मी पन्नाशीचा माणूस, पण अर्हंत दिसतो कसा याचा कधी विचार केला नव्हता. मोबाईलवर ते चित्र बोटानं सरकवत सरकवत पाहिलं, संपेचना. अप्पा, ते मला माल वाटलं नाही. पिशव्याही त्यानंच केल्या हे मान्य.

झाडीपट्टी एक्सप्रेस

राजेहो, तुमी जपानात कायले चालले? त्याच दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, इतवारीत मारबत निघते ना! ते पाह्यली का परीक्षकानं? मोठ्ठाला पुतळा, बांबू, कागद, कापड, वर रंग. काळी मारबत, पिवळी मारबत. आन् संग बडगे. बडग्या म्हंजे काय? ज्याच्यावर राग हाये त्याचा पुतळा. यंदा महागाई, मांगच्या साली पेपरफुटी, त्याच्या मांगं डेंगूचा मच्छर. गळ्यात पाटी, पाटीवर शिव्या, मांगून पोट्टे वरडतात, "घेऊन जाय गे मारबत!" मंग गावाबाहेर नेऊन जाळून टाकतात. परंपरा हाये का कार्टून हाये? दोन्ही हाये. शंभरावर वर्सं झाली, कोनी भेसळ म्हनलं नाई.

बुधवारीकर

+१. माहितीसाठी: काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं दोन्हीकडची मंडळी सांगतात. पिवळीसमोर बायका लेकरांना घेऊन नमस्काराला येतात, आणि दहा पावलांवर बडग्याच्या गळ्यात चपलांचा हार. भक्ती आणि टवाळी इतक्या जवळ मी दुसरीकडे पाहिली नाही.

पुण्यात अडकलेला

धाग्याचा विषय सोडून विचारतो, माफी. हल्ली बोजारा (नंदी घरोघरी नेल्यावर मिळणारे पैसे) किती मिळतो? आमच्या वेळी घरटी चार आणे, आणि डॉक्टरकाकांकडे रुपया. इथं पुण्यात तान्हा पोळा म्हटलं की लोक 'बाळ पोळा का?' विचारतात. एकाला वाटलं मिठाई आहे.

महालकरीण

@पुण्यात अडकलेला: दहा-वीसची नोट. एका घरी काकूंनी विचारलं, "यूपीआय आहे का गं?" परतताना माझा फोन तिच्याच हातात होता.

तर्रीवाला

नंदीच्या कपाळावर क्यूआर कोड. पुढच्या वर्षीचा पहिला नंबर ठरला.

मंडल्याचा पाहुणा

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षं दिंडोरी-मंडला भागात होतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नागपुरातून एका दिवसाच्या रस्त्यावर आहे, ते पाटनगढ. जनगढ सिंह श्याम त्या गावचा.

आपण सरसकट 'गोंड चित्र' म्हणतो, पण ही मंडळी परधान. गोंड यजमानाच्या घरी जाऊन बाना हे तंतुवाद्य वाजवायचं, बडादेवाच्या (गोंडांचा मुख्य देव) आणि गोंड राजांच्या कथा गायच्या, हे त्यांचं काम. आपल्याकडच्या परधानांची किंगरी असते, तसंच. चित्र म्हणाल तर घराच्या भिंतीवर बायका काढायच्या तो ढिगना, आणि मातीची उठावाची नक्षी. भोपाळचं भारत भवन १९८२ मध्ये उघडलं, त्याआधी चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवली होती. त्यांना हा पोरगा सापडला. त्याच्या हाती कागद आणि पोस्टर कलर आले. जे गाण्यात होतं ते कागदावर उतरलं. ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं हरीण, शिंगांचं झाड होत गेलेलं. आज जिला 'जनगढ कलम' म्हणतात ती शैली एका माणसानं साधारण १९८० नंतर सुरू केलेली आहे. म्हणजे नागपूरच्या प्रदर्शनात 'प्राचीन आदिवासी कला' अशी पाटी लावून जे विकतात, ते वयानं माझ्यापेक्षा लहान.

त्याचा पुतण्या भज्जू श्याम. भोपाळला रात्रपाळीची चौकीदारी केलेला माणूस. लंडनच्या एका हॉटेलाच्या भिंती रंगवायला गेला, दोन महिने राहिला, आणि परत येऊन लंडन काढलं. बिग बेनचं घड्याळ म्हणजे कोंबडा, कारण वेळ सांगतो कोण? कोंबडा. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. ज्या बसनं रोज जायचा ती इमानी कुत्रा. विमान म्हणजे उडणारा हत्ती, कारण इतकं जड धूड उडतं यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. यात नवीन काय आणि जुनं काय, मला तरी वेगळं काढता येत नाही. ताई, मुलीला आधी हे दाखवा, मुराकामी नंतर.

गोंडवन

@मंडल्याचा पाहुणा, चांगलं लिहिलंत, पण शेवट गाळलात. जनगढ १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात होता, भोपाळच्या विधानभवनाच्या भिंती त्यानं रंगवल्या, आणि २००१ मध्ये जपानच्या निगाता भागातल्या एका संग्रहालयात चित्रं काढत असताना त्यानं आत्महत्या केली. चाळिशीच्या आसपास होता. घरी यायचं होतं, असं त्याच्या पत्रांवरून लोक सांगतात.

हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं. आज त्याच शहरात गोंड चित्र कुठं दिसतं? कुशनच्या खोळीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, आणि तेही मशीननं छापलेलं. ज्याच्या आजोबानं बाना वाजवला त्याला त्यातला रुपया जात नाही. 'परंपरा आणि पॉप यांचा संगम' असं म्हणताना संगमावर घाट कुणाचा आहे ते पण बघा. एका पोरीनं नंदीवर फुलं काढली तर परीक्षकाला परंपरा आठवते. हॉटेलवाला इंटरनेटवरून हरीण उचलून भिंतीवर छापतो तेव्हा आठवत नाही.

मंडल्याचा पाहुणा

मान्य. गाळलं हे खरं. लिहिताना बोट अडलं.

अप्पा धंतोलीकर

गोंडवन यांच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पहिल्यांदाच या धाग्यावर कुणाशी तरी सहमत झालो, याची नोंद घ्यावी.

संत्रं_सोलून

नोंद घेतली. शिक्का मारून देतो, फुलाचा.

आर्किटेक्ट पोट्टा

माझ्याकडून दोन चिनी. यांग योंगलियांग, १९८० चा जन्म, शांघायचा. लांबून बघाल तर जुनं चिनी डोंगर-पाण्याचं चित्र: धुकं, कडे, धबधबा. जवळ जा, तर डोंगर म्हणजे हजारो इमारती, झाडं म्हणजे विजेचे मनोरे आणि क्रेन. सगळं फोटो जोडून केलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वर्धा रोडचा डबल डेकर पूल आठवला. कुणीतरी आपली सेमिनरी हिल्स अशी करून दाखवा.

दुसरा शू बिंग. घासलेल्या काचेमागून उजेड येतो आणि समोर शाईनं काढल्यासारखं निसर्गचित्र दिसतं. वळसा घालून काचेच्या मागे गेलं की वाळक्या काड्या, चुरगळलेला कागद, तागाचे धागे, कचरा, चिकटपट्ट्या. प्रेक्षकाला मागे जाऊ देतात, हेच त्याचं काम. शाळेच्या प्रोजेक्टला करता येईल: बटर पेपर, मागे बल्ब आणि फुटाळा तलावाच्या काठावरच्या काड्या.

बुधवारीकर

फुटाळ्याच्या काठावर काड्या कमी, कुरकुऱ्यांची पाकिटं जास्त. पण तीही चालतील म्हणा.

मिरचीभजी

निसर्गाची एवढी चर्चा चालली आहे तर आठवण करून देते. साय ग्वो-च्यांग, बारुदीनं चित्रं काढणारा, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये आकाशातून चालत येणारी आतषबाजीची पावलं ज्याची. त्यानंच २०२५ च्या सप्टेंबरात तिबेटच्या डोंगरकड्यावर एका कपड्यांच्या कंपनीसाठी रंगीत ड्रॅगन उडवला. तिथली जमीन, तिथलं गवत, प्राणी यांचं काय, असं लोकांनी विचारल्यावर माफी मागावी लागली. डोंगर म्हणजे कॅनव्हास नव्हे. सगळे 'निसर्गप्रेमी' एका माळेत ओवू नका.

कोहळ्याची भाजी

माझा आयडी बघून तरी कुणी यायोई कुसामाचं नाव घ्याल म्हणून वाट पाहत होते. १९२९ चा जन्म, घरचा धंदा बियाणं-रोपांचा, लहानपणापासून कोहळ्यांत वाढलेली. नाओशिमा बेटाच्या धक्क्यावरचं तिचं काळ्या ठिपक्यांचं पिवळं कोहळं २०२१ च्या वादळात समुद्रात वाहून गेलं, पुढच्या वर्षी नवं बसवलं. आमच्याकडे कोहळं एवढं मोठं आलं असतं तर अख्ख्या वस्तीचा पितरपाट (पितृपक्ष) झाला असता.

आणि ताई, निळ्या काळ्या ठिपक्यांचा बैल करून दिला तरी परीक्षक म्हणतील, लंपी झालाय.

निळावंती

:) दुसऱ्या प्रश्नाची यादी मी थोडी वाढवते. लाहोरची शाहझिया सिकंदर (१९६९): वसलीवर, म्हणजे कागदाचे थर चिकटवून घोटलेल्या जाड पानावर, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं काढायची मुघल-पहाडी पद्धत शिकली आणि त्यात आजच्या घरातली बाई फिरवली. तिथलाच इम्रान कुरेशी: २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर लाल रंग सांडला, रक्तासारखा, आणि जवळ गेलं की त्या डागांतून लघुचित्रातल्या पाकळ्या उमललेल्या. आपल्याकडे भारती खेर टिकल्यांनी हत्ती मढवते. सुबोध गुप्ता स्टीलच्या भांड्यांची भलीमोठी कवटी करतो.

तर्रीवाला

स्टीलच्या भांड्यांची कवटी आमच्या घरी दर रविवारी होते. मोलकरीण आली नाही की ओट्यावर आपोआप तयार.

चितारओळीतला

मी सहसा वाचतो फक्त. आज लिहितो कारण घरचा धंदा आहे. वडील, आजोबा मूर्तीच करायचे. मीही सीझनला बसतो, बाकी वेळ फ्लेक्सचं दुकान.

तणसाचा सांगाडा, वर माती, मग घोटाई, मग रंग, सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी अजून काकाच करतात, आम्ही कुणी हात लावत नाही. मंडळवाले येतात, मोबाईलवर फोटो दाखवतात: सिनेमातला हिरो धनुष्य ओढतोय, बाप्पा असा पाहिजे. करून देतो. छाती वाढवतो, दागिने कमी करतो. पण सोंडेचं वळण आणि डोळा आमचा. तो फोटोतून घेत नाही. बाजारातून काय घ्यायचं आणि काय नाही हे काका एका नजरेत ठरवतात, विचारलं तर सांगता येत नाही त्यांना.

ताई, एक विचारू? नंदी नवा घेतला होता की जुना? फुलं पोस्टर कलरनं काढली असतील. नव्या कच्च्या लाकडावर पोस्टर कलर शोषला जातो, भडक बसत नाही. तुम्ही सांगता तसा भडक बसला असेल तर खाली अस्तर आणि ऑइलपेंट असणार.

महालकरीण

@चितारओळीतला, पकडलंत.

मी धाग्यात लिहिलं नाही कारण लिहायला जड जात होतं. नंदी जुना आहे. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला सासऱ्यांनी, आबांनी, सागवानाचा करून घेतला होता. पांढरं अंग, हिरवी शिंगं, तांबडे खूर, आणि दोन्ही कुल्ल्यांवर एक-एक आठ पाकळ्यांचं गुलाबी कमळ. चितारओळीतूनच रंगवून आणला होता म्हणे. पोरीनं विचारलं नाही, मी स्वयंपाकात होते, आणि संध्याकाळी पाहिलं तर कमळांवर फुलं. आबा काहीच बोलले नाहीत. परीक्षकांच्या बोलण्यानं मला राग आला हे खरं, पण त्या रागात आबांचं गप्प बसणं मिसळलेलं होतं. म्हणून विचारत होते भेसळ का.

अप्पा धंतोलीकर

अरेरे. हे आधी सांगितलं असतं तर मी एवढं तावातावानं लिहिलं नसतं. उलट अजून तावातावानं लिहिलं असतं.

झाडीपट्टी एक्सप्रेस

पोट्टीले रागावू नका. पन मी आबाच्या जागी असतो तर दोन दिवस जेवलो नसतो.

गोंडवन

आता प्रश्न खरा झाला. मुराकामीनं जुन्या चित्रावर चित्र काढलं नाही. जुनं हातात घेऊन शिकला, मग स्वतःच्या कॅनव्हासवर गेला. हा फरक मुलीला सांगायला हरकत नाही, न ओरडता.

आर्किटेक्ट पोट्टा

आठवीत असताना मी वडिलांच्या पदवीच्या मागच्या बाजूला पोकेमॉन काढला होता. लॅमिनेट केलेला नव्हता. इथं थांबतो.

चितारओळीतला

ताई, आठ पाकळ्यांचं गुलाबी कमळ म्हणालात ना. रात्री काकांना विचारलं. ते हसायला लागले. ते कमळ त्या काळात आमच्या गल्लीतून गेलेल्या बहुतेक नंद्यांवर असायचं. हातानं काढायचे नाहीत, खाका होता: कागदावर सुईनं भोकं पाडलेली, वर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, खाली ठिपके उमटतात, मग रेषा. आणि तो खाका माझ्या आजोबांनी एका अगरबत्तीच्या पुड्यावरचं चित्र ठेवून केला होता. पुडा कोणता ते काकांना आठवत नाही, वास आठवतो. आधी नंदी नुसते पांढरे असायचे, गिऱ्हाईक म्हणालं काहीतरी सुंदर काढा, समोर पुडा पडलेला होता.

पोस्टर कलर पाण्यात सुटतो, खालचा ऑइलपेंट सुटत नाही. कापूस ओला करून पिळा, घासू नका, टेकवा आणि उचला. आधी पोटाखाली करून बघा. अस्तर खडू-सरसाचं असेल आणि कुठं तडा गेला असेल तर पाणी आत जाऊन पोपडा निघेल, म्हणून थेंबसुद्धा गळता कामा नये.

निळावंती

अगरबत्तीच्या पुड्यावरून!!! अप्पा, आहात का?

अप्पा धंतोलीकर

आहे. विचार करतोय. कंपनीचा शिक्काच होता म्हणायचा तो. तरीही त्याला चाळीस वर्षं हळदकुंकू लागलं आहे, ते कुठं मोजायचं ते सांगा.

कामठीचा

अप्पा, हळदकुंकवाचा हिशेब तुमचा बरोबर आहे. फुलांना अजून एकच पोळा झालाय.

पुण्यात अडकलेला

विषयांतर: एस. एच. रझा १९३९ ते ४३ नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, हे इथं कुणालाच कसं आठवलं नाही? मंडल्याच्या जंगलातलं बालपण, प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी चंचल पोराला भिंतीवर काढून दिलेला ठिपका, आणि पुढे तोच बिंदू जगभर. पॅरिसला जन्म काढून शेवटी माती मंडल्याचीच घेतली. निदान एक +१ तरी द्या.

बुधवारीकर

+१. दिला. आता तिकडे तर्री मिळते का ते सांगा.

पुण्यात अडकलेला

दुखरी नस दाबू नका.

महालकरीण

दोन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी.

अगरबत्तीची गोष्ट जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली. आबा घास तोंडात तसाच ठेवून ऐकत होते. म्हणाले, "मला तर तो म्हणाला होता देवळावरून काढलंय. दोन रुपये जास्त घेतले त्याचे." @चितारओळीतला, हिशेब तुमच्या काकांना कळवा. :)

रविवारी नंदी मधे ठेवून तिघं बसलो. पोटाखाली करून पाहिलं, खालचा रंग हलला नाही. मग आबांनी चष्मा कपाळावर नेला आणि डाव्या कुल्ल्यावर स्वतः कापूस टेकवायला घेतला. टेकव, उचल, टेकव, उचल. आधी कापूस जांभळा, मग पिवळा, मग निळा, आणि तासाभरानं गुलाबी पाकळीची कड. एका जागी तडा होता, तिथं नखाएवढा पोपडा उडाला. तो आबांच्या हातून उडाला, पोरीच्या नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

डावं कमळ पूर्ण निघालं. उजव्या बाजूला गेल्यावर आबा थांबले. पोरीला म्हणाले, "इकडचं राहू दे तुझं. पण वॉर्निश मार, नाहीतर झेंडूच्या ओल्या माळेनं पुढच्या वर्षी सगळं पुसून जाईल." वॉर्निश मारताना पिवळा रंग ओढला गेला आणि दोन फुलांची तोंडं फिसकटली. आता ती रडतायत की हसतायत कळत नाही. तिनं ती तशीच ठेवली आहेत.

भज्जू श्यामचा कोंबडा तिला आवडला, मुराकामीपेक्षा जास्त नाही. शू बिंगची काच करायची म्हणून घरात कचरा साठवणं सुरू आहे, त्याबद्दल @आर्किटेक्ट पोट्टा यांना मी वेगळं गाठणार आहे.

एक अडचण राहिली. नंदीचं मागचं एक चाक झिजून तिरकं चालतं. लाकडी चाकं कुठं मिळतील?

चितारओळीतला

सुटी चाकं मिळणं कठीण, करून घ्यावी लागतील. जुनं चाक सोबत न्या, आणि आसाचं भोक मोजून न्या. नाहीतर दोन रुपये जास्त घेतील.